शनिवारी लोखंड घेत नाहीत

पहाटे साडेपाच

मे महिन्यात महागावचं गॅरेज घड्याळावर चालत नाही, उन्हावर चालतं. अकरानंतर उघड्यावर पडलेला पाना हातात धरवत नाही, म्हणून जड काम उजाडता उजाडता काढायचं. आज पहिल्या नंबरला एक ४७५ ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर ओढून ओढून क्लचप्लेट संपलेली. मालक रात्रीच गाडी लावून गेला. ‘मिस्त्री, मृगाच्या आत वखरणी व्हायला पाह्यजे,’ एवढंच म्हणाला. हे वाक्य या दिवसांत प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येकाचं खरं असतं.

क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. ट्रकला खाली चौकट असते, बहुतेक ट्रॅक्टरांना ती नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात, आणि तोच त्याचा कणा. इंजिनाखाली एक जॅक, गिअरबॉक्सखाली दुसरा. बोल्ट काढायचे, पुढचा भाग हळूहळू पुढे लोटायचा. हाताखालचा पोरगा नवा आहे. ट्रॅक्टरचे दोन तुकडे झालेले पाहिले की तो अजून थबकतो. आज त्याने विचारलं, ‘मग यातला ट्रॅक्टर कोनता, पुढचा का मागचा?’

मी त्याला बोल्ट मोजून डब्यात ठेवायला सांगितलं. पण प्रश्न चांगला होता, आणि आज तो मला परवडणारा नव्हता.

सकाळी सात

चहा घेऊन मागच्या आवारात गेलो. तिथे बोरीखाली बी-२७५ उभा आहे. गुंजकडच्या एका शेतकऱ्याने पंपाच्या कामासाठी आणला होता. मग ते आजारी पडले, मग गेले, आणि गाडी राहिली ती राहिलीच. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली, त्या कंपनीचा हा पहिला ट्रॅक्टर. मूळ नमुना इंग्लंडातला, बनला मुंबईत कांदिवलीला. आमच्या भागात माझ्या वडिलांच्या पिढीने ट्रॅक्टर म्हणून जे पहिल्यांदा पाहिलं, ते बहुतेक वेळा हेच.

हा चालत नाही, पण पूर्ण आहे. बॉनेटवर दसऱ्याच्या पूजेची बोटं आहेत, एकावर एक, कित्येक वर्षांची. डाव्या मडगार्डवर लहान पोराला बसायला पत्र्याची बैठक जोडलेली आहे. पुढच्या कण्याच्या खिळीला माझ्या उस्तादाने स्वतः खरादलेली पितळी बुशं आहेत. कंपनीची बुशं मिळेनात तेव्हा त्यांनी देवळातल्या फुटक्या घंटेचं पितळ आणून ती केली, असं ते सांगायचे. कंपनीच्या कुठल्या पुस्तकात हे सापडणार नाही.

साडेअकराला पुसदचे एक शेठ येणार आहेत. त्यांच्याकडे दोन अर्धवट बी-२७५ आहेत. एकाला बॉनेट नाही, दुसऱ्याचा ब्लॉक फुटलेला. तिन्ही मिळून त्यांना एक ‘नवाकोरा’ करायचा आहे, मंगल कार्यालयासमोर उभा करायला. त्या शेतकऱ्याचा गुंजचा मुलगाही येतोय. त्याला पैसे पाहिजेत, आणि त्यात गैर काही नाही.

सकाळी नऊ

फुलसावंगीच्या शिवारातून फोन. ट्रॅक्टर नांगरासकट वाटेत बंद. मोटारसायकलवर नोझल आणि डिझेल फिल्टर घेऊन गेलो. फिल्टरच्या भांड्यात निम्मं पाणी. डिझेल ड्रममधून काढताना तळाचं पाणीही आलं. भांडं धुतलं, लाइनमधली हवा काढली, गाडी सुरू.

फुलसावंगीला आलो की तिथला एक पोरगा आठवतोच. वेल्डिंगचं काम करायचा, कपाटं आणि कूलर बनवायचा, शाळा आठवीपर्यंत. त्याने मारुती ८०० चं इंजिन लावून एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना मागचं पातं तुटून मोठ्या पंख्यावर आदळलं आणि तो गेला. चोविसाव्या वर्षी. देशभर बातमी झाली. आमच्या धंद्यातल्या माणसांना मात्र ती बातमीसारखी वाटली नाही, कारण आम्ही सगळे तेच करतो. एकातलं काढून दुसऱ्यात बसवतो आणि कान देऊन ऐकतो.

त्या हेलिकॉप्टरसाठी एक मारुती मोडली असेल, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मारुती ८०० लाखांनी होत्या. लोकांनी विचारलं ते दुसरंच: ती धातूची वस्तू आधी किती थकली होती, कुणी तपासलं होतं का. जुन्या भागातून नवी वस्तू करताना हा पहिला प्रश्न असतो, आणि तो भावनेचा नाही. लोखंडाचं वय बाहेरून दिसत नाही. उस्ताद क्रँक लटकवून हातोडीने वाजवायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचे. आम्ही आता नागपूरला पाठवून तपासून घेतो.

साडेअकरा

दोघेही आले. शेठ गाडीतून उतरले तेच मोबाईलवर फोटो दाखवत. कुठल्याशा प्रदर्शनातला लालभडक बी-२७५, टायरला पॉलिश, जणू कालच शोरूममधून निघाला.

‘अस्साच पाह्यजे मिस्त्री. तुमच्याकडचं बॉनेट, ब्लॉक, मागचा डिफरन्शियल घ्यायचा. बाकी माझ्याकडं आहे. उरलेलं भंगारात.’

गुंजचा मुलगा गप्प होता. मी त्याला विचारलं, ‘दादा, तुमचं काय म्हणणं?’

‘बाबाची गाडी हाय. पण उभी ठेवून काय करू? गंजूनच चालली ना.’

हेच खरं उत्तर, आणि यावर उपदेश करणाऱ्याचा मला राग येतो. जतन करा म्हणणाऱ्याच्या आवारात ती गाडी उभी नसते. जागा दुसऱ्याची, पाऊस दुसऱ्याचा, हप्ता दुसऱ्याचा.

शेठही वाईट माणूस नाही. बोलता बोलता शकुंतला रेल्वेवर आले. त्यांचे आजोबा दारव्ह्याहून त्या गाडीने मूर्तिजापूरला जायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची लाइन, मालकी खासगी कंपनीची. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेड-डी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिच्यावर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. सत्तर वर्षं! आता तर गाडीच बंद आहे. ‘तिचं काय राहिलं पोरांना दाखवायला?’ शेठ म्हणाले. ‘म्हणून म्हनतो, ट्रॅक्टर तरी राहू द्या.’

मी म्हटलं, सत्तर वर्षं एक इंजिन आपोआप चालत नाही. १९८० साली मँचेस्टरहून कोण सुटे भाग पाठवणार होतं? अशा इंजिनाला दोनच वाटा असतात. एक तर भाग इथे घडवायचा, नाही तर भावंडाचा काढायचा. चालत्या गाडीसाठी बंद गाडीचा भाग काढणं हा सगळ्या शेडांचा आणि सगळ्या गॅरेजांचा रोजचा व्यवहार आहे. त्याला कुणी पाप म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तुमचं मागणं वेगळं आहे शेठ. तुम्हाला चालती गाडी चालू ठेवायची नाही. नसलेली गाडी तयार करायची आहे, आणि तिच्यासाठी असलेली मोडायची आहे.

‘मग ते चूक का बरोबर?’

दुपारी सांगतो म्हटलं. तेवढ्यात शेठनी स्वतःच सुटका केली: ‘आज नाहीतरी नेत नाही. शनिवार आहे. शनिवारी लोखंड घेत नाहीत.’

दुपारी एक

भाकर, ठेचा, कांदा. मग भाच्याला व्हिडिओ फोन. तो इंग्लंडात स्विंडनला नोकरीला आहे. तिकडे सकाळचे साडेआठ. शनिवारी तो डिडकोटला जातो. ग्रेट वेस्टर्न सोसायटीची जुनी रेल्वेशेड आहे, तिथे फुकट राबतो, बहुतेक पितळ पुसतो. आपल्या घरी कधी तांब्या घासला नाही त्याने.

त्याला विचारण्याचं कारण होतं. हाच तंटा तिकडे इंजिनांवरून झालेला आहे, आणि पूर्वी त्याने मला त्याचे फोटो पाठवले होते. आज मी पहिल्यापासून विचारलं.

वेल्समध्ये बॅरी नावाचं बंदर आहे. तिथल्या डाय वुडहॅम या भंगारवाल्याने ब्रिटिश रेल्वेची मोडीतली वाफेची २९७ इंजिनं घेतली. पण वाघिणी कापणं सोपं आणि झटपट, म्हणून तो आधी वाघिणी कापत बसला आणि इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. तेवढ्यात हौशी लोक जागे झाले आणि एकेक करून २१३ इंजिनं विकत घेऊन गेले. आळसाने वाचवलेला एवढा मोठा वारसा जगात दुसरा नसेल. शेवटी जी उरली त्यातली दहा संग्रहालयासाठी राखून ठेवली. संग्रहालय झालं नाही, इंजिनं वर्षानुवर्षं तशीच.

मग डिडकोटच्या मंडळींना हरवलेले वर्ग परत आणायचे मनात आलं. ‘काउंटी’ वर्गाची ३० इंजिनं स्विंडनला १९४५ ते ४७ मध्ये बनली आणि १९६४ पर्यंत सगळी मोडीत गेली, एकही उरलं नाही. नवं काउंटी बांधायचं तर बॉयलर हवा, आणि बॉयलर म्हणजे वाफेच्या इंजिनातला सगळ्यात महाग भाग. त्या दहांपैकी ४८५१८ नंबरच्या इंजिनाचा बॉयलर त्यांनी घेतला. ते दुसऱ्याच कंपनीच्या ‘एट-एफ’ वर्गाचं, मालगाडीचं इंजिन, १९४४ मध्ये डोंकास्टरला बनलेलं. त्या इंजिनाची चौकट पुढे उरली नाही. काउंटीला चौकट मिळाली ती ७९२७ ‘विलिंग्टन हॉल’ची, आणि विलिंग्टन हॉलचा बॉयलर गेला ‘बेटन ग्रेंज’ नावाच्या आणखी एका नव्या इंजिनाला.

‘एट-एफचाच बॉयलर का?’ मी विचारलं. मालगाडीच्या इंजिनाचा बॉयलर मेलगाडीच्या इंजिनाला, हे मला पटेना.

याचं उत्तर ऐकून मी जेवण थांबवलं. युद्धाच्या काळात सरकारने स्विंडनच्या कारखान्याकडूनही एट-एफ बनवून घेतली होती. बॉयलरचे पत्रे वाकवायचे साचे तिथेच पडून होते. काउंटीचा आराखडा करणाऱ्या हॉक्सवर्थने त्याच साच्यांवरून आपला बॉयलर काढला, फक्त दाब २२५ पौंडांवरून २८० वर नेला. म्हणजे बॉयलर परका नव्हता, चुलत घराण्यातला होता. माझ्यातला मिस्त्री लगेच त्या लोकांच्या बाजूला गेला. साचा एक म्हटल्यावर पुढे काय वाद?

भाचा म्हणाला, ‘वाद पुष्कळ झाला मामा. अजून काही लोक त्या इंजिनाचं नाव काढलं की चिडतात.’

त्यांची बाजू अशी. एट-एफ ८५२ बनली आणि बरीच टिकली, हे कबूल. पण हे एक इंजिन खरं होतं, आणि काउंटी आराखड्यावरून होणार. आराखडा तर आपल्याकडे आहेच. नव्या इंजिनातून आपल्याला तेवढंच कळेल जेवढं कागदावर आधी लिहिलेलं आहे. मोडलेल्या इंजिनात जे होतं ते कागदावर नव्हतं: कुठल्या शेडमध्ये कुणी कसलं ठिगळ मारलं, कुठला रिव्हेट घाईत बसवला, युद्धाच्या दिवसांत धातू कसा मिळाला.

मला बोरीखालची पितळी बुशं आठवली.

दुसरी बाजूही पोकळ नाही. गंजून चाळणी झालेलं इंजिन म्हणजे इतिहास खरा, पण वाचणारा कोण? अर्धशतक ज्याच्यासाठी कुणी पैसे काढले नाहीत, त्याच्यावर अचानक सगळ्यांचं प्रेम उतू जातं ते कापायचं ठरल्यावर. शिवाय वाफेच्या काळात कारखान्यात बॉयलर एका इंजिनाचा उतरवून दुसऱ्याला चढवणं नेहमीचंच होतं. नंबर चौकटीबरोबर राहायचा, बॉयलर फिरत राहायचे. त्या इंजिनांना ‘अस्सल’ हा शब्द त्यांच्या उमेदीतही लागू नव्हता.

आणि न कापताही करता येतं. ‘टॉर्नेडो’ नावाचं इंजिन तिकडच्या लोकांनी वर्गणी काढून पहिल्या पत्र्यापासून बांधलं. १९९० मध्ये सुरुवात, २००८ मध्ये वाफेवर चाललं. बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनहून करून आणला. खर्च तीस लाख पौंडांच्या घरात. आपल्याकडेही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी वाफेची नवी इंजिनं बांधली आहेत. पैसा आणि धीर असला की कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. धीर अठरा वर्षांचा लागतो, एवढंच.

भाच्याची शेडची गाडी यायची वेळ झाली होती. जाता जाता तो नंबरांबद्दल जे बोलला, त्याने माझं संध्याकाळचं काम सोपं केलं. टॉर्नेडोचा नंबर ६०१६३, कारण त्या वर्गाचं जुनं शेवटचं इंजिन ६०१६२ होतं. ग्रेंज वर्ग ६८७९ ला संपला, बेटन ग्रेंज ६८८०. सेंट वर्गाचा शेवटचा नंबर २९९८, आणि ‘मेंडी हॉल’ हे इंजिन बदलून २०१९ मध्ये जे सेंट चालू केलं ते २९९९. सगळ्यांनी पुढचा नंबर घेतला, मेलेल्याचा घेतला नाही. अपवाद काउंटीचा. त्याला १०१४ ‘काउंटी ऑफ ग्लॅमॉर्गन’ हे एका मोडून गेलेल्या इंजिनाचंच नाव आणि नंबर दिलाय, कारण सुटे भाग देणारी स्थानिक संस्था ग्लॅमॉर्गनची, तिचा मान. समजण्यासारखं आहे. तरी ते १०३० असायला हवं होतं, असं मला वाटतं. काउंटी १०२९ ला संपली होती.

दुपारी साडेतीन

लाइट गेली. उकाड्यात खातेवही. उधारीचं पान उघडलं की लाइट नसलेली बरी वाटते.

एक म्हातारबा आले, अंबोड्याकडचे. त्यांचा बी-२७५ अजून चालतो, खरंच चालतो, पाण्याचा टँकर ओढतो. मागचा क्राउन-पिनियन घासून दात तुटायला आलेत. बाजारात मिळतो तो भरवशाचा नाही. ‘तुमच्या त्या उभ्या गाडीतला देता का मिस्त्री? बंद तं हाये ते.’

इथे मला विचार करावा लागला नाही. उन्हाळ्यात टँकर थांबला तर वस्ती थांबते. पण गाडी गुंजच्या पोराची. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मिस्त्री, पाण्यासाठी हाय ना? द्या.’ मोल मी ठरवून त्याच्या खात्यावर लिहिलं.

संध्याकाळी पाच

शेठ आणि तो मुलगा पुन्हा आले. मी चार गोष्टी सांगितल्या. बसून, चहा घेत, न भांडता.

क्राउन-पिनियन टँकरला जाईल. तुमच्या गाडीत म्हातारबांचा घासलेला बसवून देतो. दसऱ्याच्या मिरवणुकीपुरता तो खुशाल चालेल, नांगर तुम्हाला ओढायचा नाही. शेठचं तोंड जरा उतरलं, पण टँकरचं नाव निघाल्यावर कोण नाही म्हणणार!

बॉनेट घ्या, पण रंगवू नका. पूजेची बोटं तशीच राहतील. तुमच्या दोन गाड्यांपैकी एकीचं अर्धं बॉनेट आहे, त्याला ठोकून रंगवा. नाहीतर नवा पत्रा वाकवून देतो, माझा हात आहे त्यात. ‘मग हे जुनं घेऊन काय करू?’ कार्यालयात भिंतीला लावा, खाली त्यांच्या बाबांचं नाव लिहा. हे त्यांना आवडलं. मुलगाही पहिल्यांदा हसला.

गाडी उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो आणि नोंद होईल. कुठला भाग कुठल्या गाडीचा, कोणी कधी दुरुस्त केलेला. पितळी बुशं मी ठेवणार. त्यांचे पैसे वजा करा. इथे माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवला नाही.

शेवटची गोष्ट नंबराची. शेठना गुंजच्या गाडीचं जुनं पुस्तक आणि नंबरपट्टी हवी होती, कारण तिच्यावर सगळ्यात जुनं साल आहे. पाहुण्यांना दाखवताना साल जुनं असलं की वजन येतं. मी नाही म्हटलं. कायद्यात हे बसत नाही, ही एक गोष्ट. पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. तीन गाड्यांची मिळून झालेली वस्तू स्वतःला पहिली गाडी म्हणवून घेते, तेव्हा तीन गाड्या मोडल्याचा पुरावाच पुसला जातो. तिन्ही मोडल्या तर मोडल्या. त्या मोडल्या हे लिहिलेलं राहिलं पाहिजे. एट-एफ कापलं त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही, कारण त्याचा बॉयलर कुठे गेला हे आज कुणीही सांगू शकतं. ज्या गाड्यांचा ब्लॉक कुठे गेला, मागचा भाग कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही, त्या आमच्या भागात शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या काही माझ्याच हाताने गेल्या, आणि तेव्हा वही नव्हती.

‘पट्टी माझ्याकडं राहू द्या,’ मुलगा म्हणाला. ‘घरी लावतो.’

शेठ बराच वेळ गाडीभोवती फिरले. मडगार्डवरच्या त्या पत्र्याच्या बैठकीवर हात ठेवून विचारलं, ‘हिच्यावर कोण बसायचं?’

‘मीच.’

‘मग ही पण घेऊन जा.’

हे मी मागितलेलं नव्हतं.

रात्री साडेसात

लाइट आली. ४७५ चा पुढचा भाग परत जोडला, शाफ्ट बरोबर बसला, बोल्ट सगळे लागले. पोरग्याने डब्यातले मोजून दिले होते. मालकाला फोन करून सकाळी गाडी न्यायला सांगितलं. मग वहीचं नवीन पान काढून बोरीखाली टॉर्च घेऊन गेलो आणि पोरग्याला नंबर वाचायला लावलं, ब्लॉकचा, पंपाचा, गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्सचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. म्हणजे गुंजच्या बाबांनीही कधीतरी कुणाचा तरी गिअरबॉक्स चढवला होता. पोरगा खूश झाला: ‘पाह्यलं का, हा बी जोडूनच बनवलेला!’ तेही लिहिलं.

शेठ अजून फाटकाशी गाडीत बसून फोनवर बोलत होते. जाताना त्यांनी काच खाली करून पाचशे एक रुपये पुढे केले.

‘इसार.’

‘आज शनिवार आहे शेठ.’

‘लोखंडाचा नाही. तुमच्या वहीचा.’